मनमिळाऊ होते, म्हणजे काय होते?

गेल्या हिवाळ्यात इंदुरातल्या आमच्या गल्लीतले एक आजोबा गेले. वय ८८. आठव्या दिवशी संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात शोकसभा झाली. सात जण बोलले. मी मागच्या रांगेत होते. सातवे वक्ते उभे राहिले तेव्हा ते काय बोलणार हे मला आधीच ठाऊक होतं, कारण पहिल्या सहा जणांनी तेच शब्द वापरले होते. मनमिळाऊ, हसतमुख, कष्टाळू, कुटुंबवत्सल, कुणाच्याही मदतीला धावून जाणारे. मग दोन मिनिटं मौन झालं, पसायदान झालं आणि लोक चपला शोधायला बाहेर आले.

बाहेर पायऱ्यांवर आजोबांच्या जोडीने मिलमध्ये काम केलेले एक गृहस्थ दुसऱ्या कुणाला तरी काही सांगत होते. एका वर्षी अनंत चतुर्दशीच्या झांकीत, म्हणजे मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्याच्या गाडीवर, कालियामर्दन होतं. नागाचे फणे मोटरवर डोलायचे, पण सगळे एका ठेक्यात, यंत्र डोलावं तसे. आजोबांना ते पटेना. मिरवणुकीच्या आदल्या रात्री त्यांनी स्वतःच्या सायकलची चेन काढून आणली, चाकाचे दोन दाते कानशीने घासून टाकले, आणि फणा डोलता डोलता क्षणभर थबकून मग पुढे झुकायला लागला. खराखुरा नाग अंदाज घेतो ना, तसा. "पब्लिक तिथंच उभी राहून राहिली होती," ते गृहस्थ म्हणाले, "राजवाड्यासमोरून गाडी पुढे सरकूच देईना."

मी आजोबांच्या समोरच्या घरात ३१ वर्षं राहते आहे. ते मिलमध्ये फिटर होते, एवढंच मला माहीत होतं. ती घासलेल्या दात्यांची गोष्ट त्यांच्या थोरल्या मुलालाही त्या संध्याकाळी पायऱ्यांवरच पहिल्यांदा कळली. आत माईकवरून चाळीस मिनिटं चाललेल्या बोलण्यात आजोबा कुठेच नव्हते. बाहेर चपलांजवळ दोन मिनिटांत ते पुरते भेटले.

म्हणून माझं म्हणणं मी सरळच मांडते. आपल्यातलं वडीलधारं माणूस गेलं की आपण त्याचं कौतुक करतो, चौकशी करत नाही. कौतुकाने घरच्यांच्या मनाला बरं वाटतं, आणि ते लागतंच. पण त्या कौतुकात माणूस पुसला जातो. इंदूरसारख्या गावात मराठी माणसाचं असं पुसलं जाणं ही एकट्या घराची हानी नाही, ती सगळ्यांची आहे. कुणी गेल्यावरचे तेरा दिवस आपण चौकशीसाठी वापरायला हवेत, आणि हे काम घरच्यांवर न टाकता मंडळांनी, वसाहतींनी, आपण शेजाऱ्यांनी अंगावर घ्यायला हवं.

इंदूरबद्दलच हा आग्रह का? पुण्यात किंवा साताऱ्यात एखादे आजोबा गेले तर त्यांच्या आयुष्याभोवतीचा मराठी मुलूख तिथेच राहतो. शाळा, कचेऱ्या, वर्तमानपत्रं, दुकानांच्या पाट्या, सगळं तिथेच असतं. इथे तसं नाही. होळकरांच्या दौलतीबरोबर आपली माणसं माळव्यात आली. फौजेबरोबर आली, दप्तराबरोबर आली, मागाहून मिलमध्ये, रेल्वेत, शाळांत नोकरीला आली. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि दौलतीची भाषा हळूहळू घरातली भाषा होऊन बसली. आज संस्थानात जन्मलेला माणूस ७५ च्या पुढेच असणार. बालपणी काहीतरी पाहिलेलं, ऐकलेलं, आठवणारी ही शेवटची पिढी. ती आता भराभर चालली आहे. आमच्या एकट्या वसाहतीत मागच्या दीड वर्षात नऊ जण गेले.

राजांचं सगळं जपलं गेलं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांत कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची स्मारकं आहेत. अहिल्याबाईंच्या नावाने विमानतळ आहे, विद्यापीठ आहे. १९८४ च्या दंगलीत जळालेला राजवाडाही पुन्हा उभा करता आला. या सगळ्याचा मला अभिमानच आहे. पण छत्री राजाची होते, कारकुनाची होत नाही. त्याच्याजवळ होतं काय? घरातली एक पत्र्याची पेटी, आणि चार माणसांची तोंडं.

दुसरं उदाहरण घ्या. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरलं. १९१७ ला अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे होते, १९३५ ला भवानराव पंतप्रतिनिधी, २००१ ला विजया राजाध्यक्ष. अध्यक्षांची नावं कुठल्याही यादीत सापडतील. पण पाहुणे कुणाच्या घरी उतरले, पंक्तीला कोण वाढत होतं, कुठल्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं, यातलं १९१७ आणि १९३५ चं आज कुणाला विचारणार? २००१ चं मात्र अजून विचारता येतं. तेव्हा पन्नाशीत असलेले कार्यकर्ते आज पंच्याहत्तरीत आहेत. दर थंडीत त्यातले काही कमी होतात, आणि त्यांच्याही शोकसभेत आपण 'साहित्यप्रेमी होते' एवढं म्हणून घरी येतो.

"जिवंतपणी विचारा की, गेल्यावर कसली चौकशी?" असं मला बरेच जण म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि ज्यांना जमेल त्यांनी जरूर विचारावं. पण माझा अनुभव सांगते. आपली म्हातारी माणसं स्वतःबद्दल बोलत नाहीत. "माझ्यात काय आहे सांगण्यासारखं?" म्हणून विषय बदलतात. फार मागे लागलं तर आपल्या वडिलांबद्दल बोलतात, साहेबांबद्दल बोलतात, गुरूंबद्दल बोलतात. फण्याची गोष्ट आजोबांनी मला कधीच सांगितली नसती. ती सांगायला दुसरा माणूस लागला, आणि त्याला सांगायची निकड वाटावी म्हणून आजोबांचं जाणं लागलं. एरवी चार गावांना विखुरलेली भावंडं, भाचे, जुने सहकारी, शेजारी एका घरात सतरंजीवर येऊन बसतात ते याच दिवसांत. चहाचे कप रिकामे होत राहतात आणि कुणीतरी सुरू करतं, "तुला आठवतं का, महूच्या घरी असताना..." आयुष्यात फक्त तेव्हाच एखाद्या माणसाचे सगळे साक्षीदार एका छपराखाली असतात. हल्ली पुष्कळ घरी तिसऱ्या दिवशी उठावना, म्हणजे इथली शोकसभा, झाला की पाहुणे परततात. विधी किती करावेत हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. माझा जीव गुंतला आहे तो सतरंजीवरच्या त्या बोलण्यात.

याचं महत्त्व आपल्याला २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कळायला हवं होतं. त्या दोन महिन्यांत जी वडीलधारी माणसं गेली, त्यांच्या घरी कुणी जमलंच नाही. कुणी खांदा दिला नाही, कुणी सतरंजी अंथरली नाही, शेजारच्यांनी डबा दारात ठेवून लांबूनच हात जोडले. माझी मावशी त्यातच गेली. तिच्याबद्दल जे बोलणं व्हायला हवं होतं ते कुणी कुणाशी बोललंच नाही, आणि आता चार-पाच वर्षांनी बोलायला बसलो तर गोष्टी झिजून गेल्या आहेत. ती शाळेत शिकवायची. कुठल्या शाळेत कधीपासून कधीपर्यंत, यावर आम्हा भावंडांचं आजही एकमत होत नाही. तेव्हा गेलेल्या माणसांसाठी तेरा दिवसांचा नियम लावून बसायचं नाही. त्यांच्या घरी आज जायला हवं, उशीर झाला तरी.

काय विचारायचं, हे मी हळूहळू शिकते आहे. "कसे होते?" असं विचारलं की विशेषणच हाती येतं. "सकाळी उठल्यावर आधी काय करायचे?" म्हटलं की माणूस चालायला लागतो. पहिला पगार किती होता आणि तो कुणाच्या हातात दिला? इंदूरला पहिल्यांदा कोण आलं, कशाने आलं, आल्या दिवशी कुठे उतरलं? घरात भांडण कशावरून व्हायचं? कशाची भीती वाटायची? फोटो बघायला मागितले तर मागची बाजूही बघायची. जुन्या फोटोंच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीने तारीख असते, कधी कधी ओळीने नावं असतात. अल्बममध्ये चिकटवताना ती पाठ कायमची झाकली जाते.

इतकं बारीकसारीक विचारणं बरं दिसतं का, असं वाटणाऱ्यांनी सरकारी कागद बघावा. मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. त्या नमुन्यात माणसाचा व्यवसाय विचारतात, तंबाखू किती वर्षं खाल्ली, सुपारी किती वर्षं खाल्ली, हेही विचारतात. दाखल्यावर यातलं काही येत नाही, ते आकडेवारीत जातं. तरी विचारतात, कारण त्यांना त्याचा उपयोग आहे. इथली हुकूमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या २२४ कोटींच्या देण्याचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या ३२ वर्षांत कितीतरी कामगार हे जग सोडून गेले. त्यांच्या वारसांना फायली घेऊन हेलपाटे घालावे लागले, आणि बापाने कुठल्या खात्यात किती वर्षं काम केलं हे मुलांना तेव्हा शोधावं लागलं. पैशाचं काम निघालं की आपण शोधतो. पैशावाचून शोधावंसं वाटेल, एवढं त्या माणसाचं आपल्यावर देणं नाही का?

आता कागदांबद्दल, कारण सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं आहे. आपलं शहर २०१७ पासून देशात सगळ्यात स्वच्छ म्हणून गाजतं आहे. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की ओला एका डब्यात, सुका एका डब्यात, हे लहान पोरांनाही कळतं. याचा मला मनापासून आनंद आहे. पण एका सकाळी, पलीकडच्या इमारतीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या तेराव्यानंतर दोनच दिवसांनी, सुक्या कचऱ्याच्या पिशवीतून डायऱ्या डोकावताना मी पाहिल्या. बँकेच्या भेट म्हणून मिळायच्या तशा, दर वर्षाची एक. मी धावत खाली जाईपर्यंत गाडी वळणावरून गेली होती. सूनबाईंना विचारलं तर त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "हिशेबच होते हो त्यात काकू. दूध, पेपर, भाजी." मी त्यांना दोष देत नाही. घर लहान आहे, मुलगा बंगळुरूला आहे, फ्लॅट विकायचा आहे. पण तीस वर्षांचा दूध, पेपर आणि भाजीचा हिशेब म्हणजे एका शिक्षकाचं घर कसं चाललं याचा रोजचा पुरावा. तो कुठल्याच दप्तरखान्यात मिळणार नाही. मोडीतले कागद असतील तर लोक निदान थबकतात, जुने आहेत म्हणून. बॉलपेनने लिहिलेल्या डायरीला ते भाग्य नाही.

यावर एक साधी गोष्ट करता येते. तेराव्यापर्यंत घरातला एकही लिहिलेला कागद बाहेर जाणार नाही, असं घरच्यांना सांगायचं, आणि तेराव्यानंतर मंडळाच्या एका माणसाने येऊन तो बघायचा. ठेवण्यासारखं काय, हे दुःखात असलेल्या माणसाने ठरवू नये. फोनवर पानांचे फोटो काढायला एक दुपार पुरते. आपल्या संस्थांकडे सभागृहं आहेत, स्पीकर आहेत, दिवाळी पहाटेला, नाटकांना, शरदोत्सवाला कामाला लागणारी माणसं आहेत. एका कपाटाचा प्रश्न आहे.

भाषेबद्दलही मला कळकळीने सांगायचं आहे. आठवणी लिहून मागितल्या की आपली माणसं पुण्याची मराठी लिहायला बसतात, आणि जमत नाही म्हणून लिहीतच नाहीत. किंवा लिहिलेलं कुणीतरी सुधारतं. "पब्लिक उभी राहून राहिली होती" याचं "लोक उभे होते" होतं, आणि बोलणाऱ्याचा आवाज त्यातून निघून जातो. आपण येऊन राहिलो, जाऊन राहिलो अशीच माणसं आहोत. ही भाषा इथल्या हवेत दोनशे-अडीचशे वर्षं मुरली आहे. नातवंडांना हिंदीत सांगायला सोपं जात असेल तर त्यांनी हिंदीत सांगावं, लिहिणाऱ्याने तसंच लिहावं. आजी नातवाशी ज्या भाषेत बोलायची, तिची आठवण त्याच भाषेत यायला हवी.

मराठीला हे काम नवं नाही. १३ व्या शतकात श्रीचक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभट गावोगाव फिरले. ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांना गाठून विचारलं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं, आणि लीळाचरित्र उभं राहिलं. आपल्या भाषेतला हा आद्य गद्यग्रंथ. तो उघडला की दिसतं, तिथे स्तुतीची घाई नाही. कुठे वस्ती केली, कोण भेटलं, काय खाल्लं, कोण काय म्हणालं. डोळ्यांआड झालेल्या माणसाबद्दल त्याच्या माणसांना विचारत हिंडणं, इथूनच मराठी गद्याने पाय रोवला आहे. आपल्या फिटर आजोबांना स्वामींच्या पंक्तीला बसवायचं नाही, पण विचारण्याची रीत तीच आहे.

एक हरकत गंभीर आहे. खरं विचारायला लागलो तर वाईटही निघेल. कुणी दारू प्यायचं, कुणी बायकोला बोलायला द्यायचं नाही, कुणी भावाचा हिस्सा दाबला. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये ही आपली शिकवण, आणि ती मला मान्य आहे. त्या वेळी घर उघड्या जखमेसारखं असतं. पण वाईट न बोलणं वेगळं आणि खोटं चांगलं बोलणं वेगळं. ज्या सुनेने वीस वर्षं सासूचा जाच सोसला, तिच्यासमोर माईकवरून 'मायेची सावली' म्हणायचं, हा त्या सुनेवर पुन्हा एकदा केलेला अन्याय आहे. तिला बोलायचं नसेल तर तिच्या गप्प राहण्याचा मान ठेवावा, आणि त्या जागी काहीच लिहू नये. बोलायचं असेल तर ऐकावं, घरच्यांनी सांगितलं तर ते पान दहा-वीस वर्षं बंद ठेवावं. जे सांगितलं जाईल ते घरच्यांच्या संमतीशिवाय बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलेलं बरं. एवढी काळजी घेतली की माणसं मोकळी होतात. मला तर असं दिसलं की खोट्या स्तुतीतून सुटका झाल्यावर खऱ्या मायेच्या गोष्टीच जास्त निघतात.

आणि बायकांचं काय, हे बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात. आईचं, आजीचं, पणजीचं नाव घेतात तेही सासरचं, आणि गोत्रही सासरचं. लग्नात नाव बदलायची आपली रीत. त्यामुळे जन्माने मिळालेलं नाव पहिल्याच दिवशी बुडतं, आणि पुढे सगळं आयुष्य काकू, वहिनी, माई, आजी यांत जातं. आमच्या जुन्या वाड्यातल्या काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचं माहेरचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. मुलांनाही नाही. आधार कार्डावर सासरचं, दाखल्यावर सासरचं. त्या खानदेशातून आल्या, खंडव्याला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या लाईनीच्या गाडीत बसल्या, कालाकुंडला सासऱ्यांनी नव्या सुनेला पळसाच्या पानावर कलाकंद घेऊन दिला, आणि घाटातला पहिला बोगदा आला तेव्हा भीतीने त्यांनी शेजारी बसलेल्या अनोळखी नणंदेचा हात धरला. हे सगळं त्या नणंदेने सांगितलं, बाराव्या दिवशी, वयाच्या ८४ व्या वर्षी. त्या हाताची पकड तिला आठवत होती. नाव मात्र आठवत नव्हतं, कारण घरात आल्यावर लगेच नवं नाव पडलं आणि जुनं घ्यायची चाल नव्हती.

त्या दिवसापासून मी २०० पानी वही ठेवली आहे. आतापर्यंत त्यात अकरा माणसं आहेत. आजोबांच्या पानावर झांकीची गोष्ट त्या गृहस्थांच्याच शब्दांत आहे, आणि खाली त्यांच्या मुलाने घासलेल्या चाकाचं चित्र काढून दिलं आहे. ते चाक त्याला माळ्यावरच्या डब्यात सापडलं. काकूंच्या पानावर सगळ्यात वरची ओळ मोकळी ठेवली आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या नातीने एक फोटो आणून दिला. दोन वेण्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे. फोटोच्या मागे जळगावच्या स्टुडिओचा शिक्का आहे आणि पेन्सिलीने लिहिलेलं नाव. पहिलं अक्षर 'सु' लागतं, पुढचं डिंकात गेलं आहे. जळगावकडे काकूंच्या माहेरचं कुणी आहे का, ते आम्ही विचारतो आहोत.